मुलीला जर्मनीत पाठवायचंय, घर गहाण न टाकता जमेल का?

साखळीचा टिप्परवाला

नमस्कार मंडळी. मुलगी फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सीजीपीए ७.८. पुढचं शिक्षण तिला जर्मनीत घ्यायचंय, येत्या ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या सत्राला. आयईएलटीएस देऊन झाली, साडेसहाच्या वर बँड आलाय. तिच्या बाजूने सगळं ठीक आहे. अडलंय ते पैशांच्या बाजूने, म्हणजे माझ्या.

माझे दोन टिप्पर खाणीवर होते. २०१२ ला खाणी बंद, मग सुरू, मग मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या निकालाने परत बंद. एक टिप्पर तेव्हाच विकला, दुसरा खडी-चिऱ्यांवर फिरवून घर चालवलं. आता डिचोलीत खाण सुरू झालीय, पण कितीजणांना काम मिळतं आणि काय भाड्याने, ते इकडच्या माणसांना वेगळं सांगायला नको. बायको अंगणवाडीत आहे. बँकेत पाचेक लाख, थोडं सोनं, एलआयसीची एक पॉलिसी. एवढाच ऐवज.

पणजीच्या एका कन्सल्टंटकडे गेलो होतो. एसी केबिन, भिंतीवर झेंडे. त्यांनी बर्लिनच्या एका खाजगी युनिव्हर्सिटीचं पुस्तक पुढे ठेवलं. फी वर्षाला साडेअकरा हजार युरो, ॲडमिशन पक्की, आमच्याकडून एक पैसा घेणार नाहीत. वर बारा लाख 'ब्लॉक' करून ठेवायचे. दोन वर्षांचा हिशेब मांडला तर आकडा पस्तीस लाखांच्या पुढे जातो. मी गप्प बसलो तर ते म्हणाले, घर आहे ना, मग कसली चिंता?

घर आहे, पण एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीवर, अजून वडिलांचं नाव आहे. वडील वारले, आई आहे. आम्ही तिघे भाऊ आणि एक बहीण, ती म्हापशाला दिलीय. वाटणी झालेली नाही. भांडण मुळीच नाही, पण कागदही नाही.

त्यात शेजाऱ्यांचं वेगळंच. ते म्हणतात, तुझ्या वडिलांचा जन्म १९३९ चा, पोर्तुगीज करून टाक, मुलगी युरोपची नागरिक होईल, मग सगळं फुकट.

खाजगीतच जावं लागतं का? हे बारा लाख नक्की कुणाला द्यायचे आणि ते परत मिळतात का? आणि घराला हात न लावता कर्ज मिळतं का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगावं. कन्सल्टंटांनी कृपया उत्तर देऊ नये, त्यांचं ऐकून झालंय.

---

फोंडा ते मॅग्डेबर्ग

काका, मी फर्मागुडीचीच, आता मॅग्डेबर्गला दुसऱ्या वर्षाला आहे. आधी ते बर्लिनचं पुस्तक बाजूला ठेवा.

जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिट्यांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाहीच. दर सेमिस्टरला एक वर्गणी असते, ठिकाणाप्रमाणे शंभर ते साडेतीनशे युरो. कित्येक ठिकाणी त्यातच बस-ट्रामचा पास येतो. अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडलबर्ग वगैरे, आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० लावलेत. बाकी मोठा मैदान मोकळा आहे. मॅग्डेबर्ग, केम्नित्झ, झीगन, ड्रेस्डेन, आखेन. नावं मोठी वाटत नसतील, पण यंत्रं यांनीच शिकवलीत जगाला.

कन्सल्टंट 'पैसे घेत नाही' म्हणतो तेव्हा त्याचे पैसे खाजगी युनिव्हर्सिटीकडून येतात. सरकारी युनिव्हर्सिटी कुणाला कमिशन देत नाही, म्हणून तिचं पुस्तक त्याच्या टेबलावर नसतं. सगळ्या खाजगी वाईट असं मी म्हणणार नाही. पण ७.८ वाल्या मेकॅनिकलच्या मुलीने तिकडे कशाला जावं?

७.८ चं जर्मन गणित असं. त्यांच्याकडे १ सर्वांत चांगला आणि ४ म्हणजे जेमतेम पास. दहातून तुमचे गुण वजा करायचे, त्याला दहा वजा पासाची रेषा याने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. पासाची रेषा ४ धरली तर २.१ येतो, ५ धरली तर २.३. पुष्कळ ठिकाणी २.५ पर्यंत चालतं. त्यामुळे गुणांची भीती नको. कोर्स जुळतोय का ते मात्र बारकाईने बघा. तिथे मार्कांपेक्षा विषयांचे क्रेडिट मोजतात. मेकॅनिकलवाल्याने मेकाट्रॉनिक्सला अर्ज केला आणि कंट्रोल, इलेक्ट्रॉनिक्सचे क्रेडिट कमी पडले तर ९ सीजीपीए असला तरी नकार येतो. माझ्या बॅचच्या दोघांचं असंच झालं. डाडच्या (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांना माहिती देणारी जर्मन संस्था) संकेतस्थळावर कोर्स शोधायचा, भाषा इंग्रजी आणि फी शून्य अशी चाळणी लावायची, मग प्रत्येक कोर्सचं प्रवेश नियमांचं पान शेवटपर्यंत वाचायचं. कंटाळवाणं आहे, पण हे काम तिचं तिनेच करावं.

आजच करायचं काम एपीएस, म्हणजे तिची शिक्षणाची कागदपत्रं तपासून मिळणारा दाखला. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय मुलांना हे प्रमाणपत्र असल्याशिवाय स्टुडंट व्हिसा नाही, आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्या अर्जासोबतच मागतात. फी १८,००० रुपये. शेवटच्या वर्षाला असतानाही आतापर्यंतच्या मार्कशीटवर अर्ज होतो. त्यानंतर यूनी-असिस्ट, म्हणजे युनिव्हर्सिट्यांच्या वतीने अर्ज घेणारी संस्था, पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. सहा ठिकाणी टाकलं तर २२५ युरो. काही युनिव्हर्सिट्या थेट अर्ज घेतात, तिथे तेही लागत नाहीत. तारखा एकसारख्या नसतात हे लक्षात ठेवा. आखेनची परदेशी मुलांसाठीची मुदत १ मार्चला संपते, काहींची मे अखेर, बऱ्याच जणांची १५ जुलै. १५ जुलैची वाट बघू नका, कारण त्यानंतर व्हिसाला वेळच उरत नाही.

आणि ते बारा लाख कुणालाच द्यायचे नाहीत. ते तिचेच पैसे. वर्षाला ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटात भरायचे. ती इथे आली, साधं बँक खातं उघडलं, की दर महिन्याला त्यातले ९९२ युरो तिच्या खात्यात येतात. त्यातूनच खोली, जेवण, विमा. विम्याचे महिना दीडशेच्या आसपास जातात, माझ्या हॉस्टेलची खोली तीनशेची आहे. व्हिसा नाकारला तर खातं बंद करून पैसे परत मिळतात, अकाउंटवाल्या कंपनीचा चार्ज तेवढा जातो.

दुसऱ्या वर्षी राहण्याचं परमिट वाढवताना पुन्हा खर्चाची सोय दाखवावी लागते, पण तेव्हा नोकरीचे पगारपत्रक चालते. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. कायद्याने किमान मजुरी जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो. मात्र पहिल्या सेमिस्टरला नोकरीवर हिशेब बसवू नका. जर्मन येत नसेल तर गोदामात पार्सलं उचलण्याशिवाय काही मिळत नाही, आणि डिसेंबरात पहाटे चारला ते काम काय असतं ते आईला अजून सांगितलेलं नाही मी. तिला आत्तापासून जर्मन भाषेच्या पहिल्या दोन पातळ्या, ए१ आणि ए२, करायला सांगा.

---

पेडण्याचा

पोर्तुगीजबद्दल थोडक्यात, कारण आमच्या घरात झालंय.

२० डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना हक्क आहे, हे खरं. युरोपियन नागरिकाला जर्मनीत व्हिसा नको, ब्लॉक्ड अकाउंट नको, हेही खरं. शेजारी पुढचं सांगत नाही. आधी वडिलांचा जन्म लिस्बनला नोंदवायचा, मग त्यांचं लग्न, मग तुमचा जन्म, तुमचं लग्न, मग मुलीचा नंबर. जुन्या दाखल्यावर नाव एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या, शाळेच्या दाखल्यावर तिसऱ्या. प्रत्येक अक्षरासाठी दुरुस्ती. येत्या ऑक्टोबरचं सोडा, त्याच्या पुढच्यालाही होईल याची खात्री मी देणार नाही.

आणि स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारताचं संपतं. मतदान गेलं, भारतीय पासपोर्ट परत करायचा, मग ओसीआयच्या, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डाच्या, मागे फिरायचं. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्याला कायमचं तिकडे जायचंय त्याने जरूर करावं, आमच्या भावाने केलं, सुखी आहे. दोन वर्षांच्या कोर्ससाठी मात्र तुमचं आणि मुलीचं, दोघांचं नागरिकत्व टाकणं मला पटत नाही.

---

निवृत्त शाखाधिकारी, म्हापसा

टिप्परवाले भाऊ, राष्ट्रीयीकृत बँकेत उभा जन्म काढला, त्यातला बराच काळ गोव्यातल्या शाखांत. तुमचा तिसरा प्रश्न माझ्या पेशाचा, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या घरावर या वर्षी कर्ज होणार नाही. ते तुमचं आहे यात शंका नाही, पण बँकेला ज्या रीतीने 'तुमचं' लागतं तसं ते नाही. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यात लग्न झालं की, वेगळा करार नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र होते. म्हणून वडील गेले तेव्हा अर्धं घर आईचं होतं आणि आजही तिचंच आहे. उरलेलं अर्धं चार मुलांत, मुलगी धरून, सारखं. मृत्युपत्र नसेल तर तुमचा हिस्सा एक अष्टमांश. त्यातही तुमच्या पत्नीचं नाव आलं, बहिणीच्या हिश्शात तिच्या नवऱ्याचं, भावांच्या हिश्शात वहिन्यांचं. घर गहाण ठेवायचं तर आईसकट या नऊ जणांच्या सह्या लागतील. बँकेचा वकील त्यातली एकही सोडणार नाही.

लोक घरपट्टीची पावती आणि वीजबिल घेऊन येतात. ती मालकी नव्हे. एक-चौदाचा उतारासुद्धा सर्व्हेची नोंद आहे, त्यावर वडिलांचं नाव असलं तर बँक पुढे काय झालं ते विचारणारच. सब-रजिस्ट्रारकडे सक्सेशन डीड केलं की वारस कोण हे ठरतं, कुठला भाग कुणाचा हे ठरत नाही. त्यासाठी वाटणीचा करार नाहीतर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी. सगळे राजी असले तरी तिला वेळ लागतो. (दुसऱ्या कुणी हे वाचत असेल आणि घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत मुंडकार (त्या जमिनीत घर करून राहणारा) म्हणून असेल, तर घर विकत घेतल्याचं मामलेदाराचं प्रमाणपत्र आधी मिळवा. त्याशिवाय बँकेची पायरी चढू नका.)

आता चांगली बातमी. तुम्हाला घराची गरजच नाही. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत मालमत्ता तारण लागत नाही. चार लाखांपर्यंत आईबापांनी सहकर्जदार म्हणून सही केली की झालं, त्यापुढे साडेसातपर्यंत तिऱ्हाइताचा जामीन मागू शकतात. परदेशासाठी पंधरा टक्के रक्कम तुमची स्वतःची. परतफेड कोर्स संपून एक वर्षाने सुरू, मुदत पंधरा वर्षांपर्यंत. मधल्या काळात साधं व्याज चढतं. जमत असेल तर ते दर महिन्याला भरत जा, पुढे हप्ता हलका होतो.

शाखेत एक गोष्ट हमखास अडते, ती आधीच सांगून ठेवतो. ऑफिसर म्हणेल, फी स्ट्रक्चर कुठे आहे? सरकारी युनिव्हर्सिटीच्या पत्रावर ट्यूशन फी शून्य लिहिलेली असते. बऱ्याच शाखांत परदेशाची प्रकरणं म्हणजे लंडन आणि ऑस्ट्रेलिया, फी नसलेली ॲडमिशन त्यांनी पाहिलेलीच नसते. म्हणून खर्चाचा तक्ता तुम्हीच घेऊन जा: ११,९०४ युरो गुणिले दोन वर्षं, सेमिस्टरची वर्गणी, विमा, विमानाचं तिकीट, लॅपटॉप. राहण्या-जेवण्याचा खर्च कर्जात बसतो. सोबत जर्मन वकिलातीच्या संकेतस्थळावरच्या ब्लॉक्ड अकाउंटच्या पानाची प्रत जोडा, आणि पहिल्याच भेटीत विचारा की पैसे थेट त्या खात्यात पाठवणार का. नाही म्हणाले तर दुसऱ्या बँकेत जा, तिथेच वाद घालत बसू नका. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज एकाहून जास्त बँकांना टाकता येतो. मात्र त्याच नावाची पंतप्रधान योजना देशातल्या ठरावीक संस्थांपुरतीच आहे, त्या घोटाळ्यात पडू नका.

तुमचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरलेले आहेत का? टिप्परवाल्यांचं गाडं बहुधा तिथेच रुततं.

राज्य सरकारच्या गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनचं बिनव्याजी कर्ज आहे, त्याचा अर्ज जरूर करा. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. पदव्युत्तर शिक्षणासाठी मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजनाही आहे, पण मोजक्याच मुलांची निवड होते. मिळाली तर आनंद, तिच्या भरवशावर तिकीट काढू नये.

खाजगी फायनान्स कंपन्या तारणाशिवाय वीस-तीस लाख देतो म्हणून फोन करतील. कन्सल्टंटच नंबर देतो त्यांना. व्याज जास्त, आणि काहींचं व्याज भरणं पहिल्या महिन्यापासून सुरू. तुमच्या प्रकरणात त्यांची गरज मला दिसत नाही.

---

साखळीचा टिप्परवाला

सगळ्यांना देव बरें करूं. पोर्तुगीजचा विषय आमच्याकडे मिटला. मुलीनेच सांगितलं, मला परत यायचंय.

काल रात्री दोघांनी बसून हिशेब केला. युरो शंभराच्या वर गेलाय, तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटला सव्वाबारा लाख धरले. एपीएस, अर्ज, व्हिसाचे ७५ युरो, तिकीट, तिकडे पोचल्यावर खोलीचं डिपॉझिट आणि जाड जाकीट मिळून आणखी अडीच. म्हणजे पावणेपंधरा. कर्ज साडेसात आणि माझे पाच. सव्वादोन कमी पडतात. बायको म्हणते सोनं ठेवू.

रिटर्न भरलेत, टिप्परचं कर्ज घेतलं तेव्हा सीएने लावलेली सवय. थोडेच दाखवलेत, पण आहेत.

आणखी दोन शंका. परदेशी पैसे पाठवताना वीस टक्के कापतात असं ऐकलं, ते खरं का? आणि घराचे कागद आता केलेले बरे, असं तुमचं वाचून वाटतंय. चतुर्थीला सगळी भावंडं एकत्र जमतात, तेव्हा विषय काढू का?

---

निवृत्त शाखाधिकारी, म्हापसा

वीस टक्के शिक्षणाला लागत नाहीत, तो दर इतर काही खर्चांसाठीचा. शिक्षणासाठी स्वतःच्या पैशातून पाठवताना एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत काही कापत नाहीत, ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून जातील त्यावर तर अजिबात नाही. तुमचे स्वतःचे सात-साडेसातच जाणार, तेव्हा तुमचा त्याच्याशी संबंध येत नाही. ज्यांचा येतो त्यांनाही ती रक्कम रिटर्नमध्ये वळती करून मिळते. फॉर्मवर पैसे पाठवण्याचं कारण 'शिक्षण' असंच लिहिलंय ना, तेवढं बघा. काउंटरवर घाईत भलताच कोड टाकतात आणि मग दर बदलतो.

सोन्याआधी एलआयसी काढा. पॉलिसी जुनी असेल तर तिच्यावर कर्ज मिळतं, सोन्यापेक्षा निवांत. बायकोचं सोनं अडीअडचणीला राहू दे, दुसरं वर्ष अजून यायचंय.

चतुर्थी यंदा सप्टेंबरच्या मध्यावर आहे, तोवर मुलगी बॅगा भरत असेल. पण मुलीच्या कर्जाशी घराच्या कागदांचा संबंध तुम्ही आता तोडलाय, त्यामुळे घाई नाही, आणि विषय काढायला हीच वेळ बरी. 'मला कर्ज हवंय, सह्या करा' म्हणून गेलात की बहिणीचा नवरा विचारात पडतो. 'आई आहे तोवर कागद नीट करून ठेवू' म्हणालात तर तोच म्हापशाचा वकील सुचवेल. वडिलांच्या मृत्यूचा दाखला, सगळ्यांच्या लग्नाचे दाखले, एक-चौदाचे ताजे उतारे एवढं आधी जमवा.

---

फोंडा ते मॅग्डेबर्ग

काका, व्हिसाचं एक सांगायचं राहिलं. नकार आला तर पूर्वी त्याच वकिलातीकडे फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून तो बंद झाला. आता नवा अर्ज किंवा बर्लिनचं कोर्ट. त्यामुळे पहिलाच अर्ज पक्का हवा. आपला गोवा मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाखाली येतो, त्यांचीच कागदांची यादी बघायची, दिल्ली-बंगळूरच्या मुलांच्या ग्रुपवरची नव्हे. आणि याच कोर्सला का, पुढे काय करणार, हे पत्र तिने स्वतःच्या शब्दांत लिहायचं. टिप्परचं ऑटोमोबाईल मेंटेनन्स लहानपणापासून पाहिलंय ना तिने? ते लिही म्हणावं. आमच्या वेळी कन्सल्टंटकडून लिहून आणलेली सगळी पत्रं 'बालपणापासून मला यंत्रांची ओढ' अशीच सुरू व्हायची.

एपीएसचा अर्ज गेला की इथे कळवा. विषयांच्या क्रेडिटचा तक्ता मी बघून देईन, माझा अजून ठेवलाय, मार्कशीट त्याच नमुन्याची असणार.